राहीची ओळ आणि घणघण घंटा

भिंतीपलीकडून दोन ठिणग्यांची कुजबुज आली. "अगं, घंटा वाजली की शिकणं..."
पुढचं ऐकूच आलं नाही.
"शिकणं कायमचं बंद. दुसरं काय?" ठिणगी घाबरली.

ही ठिणगी इवलीशी. राहते राहीच्या डोक्यात. तिथे खोल्याच खोल्या. त्यांना म्हणतात पेशी. राही घाबरली की तिथली घंटा वाजते.

आज आईने राहीला गाणं शिकवलं.
मांजर बसलं न्हायला,
साबण लागलं खायला.

पहिली ओळ तिच्या पेशीत, म्हणजे घरी पोचली. दुसरी ठिणगीच्या पाठीवर. आणि पुढच्या पेशीकडे जाणारा पूल अर्धाच.

राही म्हणाली, "मांजर बसलं न्हायला..."
पुढचं गेलं कुठे?

ठिणगी निघाली. टुणुक टुणुक.
"गवंडीदादा, गवंडीदादा, पूल बांधा ना.
गवंडी पूल बांधेना,
माझी ओळ घरी जाईना."
"कसा बांधू? घंटा वाजते घणघण. ती थांबली तर बांधीन."

टुणुक टुणुक.
"घंटाताई, घंटाताई, थांब ना.
घंटा थांबेना,
गवंडी पूल बांधेना,
माझी ओळ घरी जाईना."
"कशी थांबू? छाती उडते धडधड. ती निवली तर थांबेन."

टुणुक टुणुक.
"छातीबाई, छातीबाई, निव ना.
छाती निवेना,
घंटा थांबेना,
गवंडी पूल बांधेना,
माझी ओळ घरी जाईना."
"कशी निवू? बाहेर आत्या म्हणते, 'म्हण म्हण'. ती गप्प बसली तर निवेन."

आत्या बसली होती सोफ्यावर. "म्हण ना गं राही. म्हण म्हण. एवढंसं येत नाही? समोरची चिंगी बघ कशी धडाधड म्हणते."

ठिणगी टुणकन राहीच्या जिभेवर. राही बोलली,
"आत्या, आत्या, गप्प बस ना.
आत्या गप्प बसेना,
छाती निवेना,
घंटा थांबेना,
गवंडी पूल बांधेना,
माझी ओळ घरी जाईना."
"कशी बसू गप्प? तोंड रिकामं आहे ना माझं. लाडू दे, मग बसते."

राहीने दिला बेसनाचा लाडू. अख्खा. तो चिकटला टाळूला.
"मम् मम्," आत्या म्हणाली.

आत्या गप्प बसली, छाती निवली.
छाती निवली, घंटा थांबली.
घंटा थांबली, गवंड्याने पूल बांधला. खट खट खट.
ओळ गेली घरी. टुणुक टुणुक.

"साबण लागलं खायला," राही म्हणाली.

आत्या खुदकन हसली. लाडू गिळला. "परत म्हण बघू."

टिण. घंटा हळूच वाजली. एकदाच.
ठिणगी दचकली. झालं, शिकणं बंद.
पण गवंडी उठला. त्याने पुलावर आणखी एक वीट ठेवली.
"एवढीशी टिण चालते गं. तिने तर माझे हात झपझप चालतात. घणघण तेवढी नको."

राहीने डबा पुढे केला.
"आत्या, आधी लाडू घे. मग म्हणते."