पाचूचा पाला

एका राज्यात जखम भरत नसे. काटा रुतो, विळी लागो, मांजर ओरबाडो. रक्त एकदा वाहू लागले की वाहतच राही.

पूर्वी असे नव्हते. तिथल्या माळावर दगडीपाला मुबलक उगवे. खरखरीत पानांची, पिवळ्या फुलांची रानवनस्पती ती. पाने चुरगाळून रस पिळला की वाहते रक्त थांबे. गुराख्याला ठाऊक, राणीलाही ठाऊक. रीत एवढीच, की रोपापुढे वाकून विचारायचे, "गरज आहे, नेऊ का?" मग लागेल तेवढाच पाला खुडायचा. रोप एकटे असेल तर त्याला हात लावायचा नाही.

राजा वज्रकेतू मात्र हावरा निघाला. एका मांत्रिकाने त्याला सांगितले, "महाराज, सारा पाला उपटून आणवा. पानापानाचा पाचू करून देतो." राजाने माळ उपटवला. न वाकता, न विचारता. टिटवी बिचारी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. शिपायांच्या पायांखाली तिची अंडी फुटली. मांत्रिकाने मंत्र म्हटला, पाने पाचूची झाली, कोठार भरले. आपले मोल सोन्यात घेऊन तो चालता झाला.

टिटवी महालावर येऊन म्हणाली, "राजा, माझे घर उजाड केलेस. तुझ्या राज्यात जखम उघडीच राहील."

राजा हसला. एक देखणे पान त्याने मुकुटात जडवून घेतले.

मग न्हाव्यांनी वस्तरे ठेवून दिले, सुतारांनी पटाशा टाकल्या. बाळंतिणींचे तर विचारूच नका. घरोघर रडारड झाली, पण राजाच्या मनाला काही ती शिवली नाही.

राजाला एकच लेक, कुवलया. कोठारात खेळताना पाचूच्या पानाची धार तिच्या तळपायाला लागली. बोटभर जखम ती. राणीने धुतली, बांधली, पुन्हा बांधली. फडके लालच होत राहिले. तेव्हा कुठे राजाचे काळीज हलले. तो धावत माळावर गेला.

"टिटवी, लेक जाते माझी. उपाय सांग."

"तीन कामे कर," टिटवी म्हणाली. "नेलेले सारे परत आण. सूर्य उगवताना वाकून विचार. आणि रीतीने खुड."

कोठार रिकामे झाले, गाड्या माळावर ओतल्या. सूर्य उगवताना राजा गुडघ्यांवर बसला, वाकला आणि म्हणाला, "गरज आहे, नेऊ का?"

पाचू विरून मातीत गेले. मातीतून एकच रोप वर आले.

राजाचा हात पुढे झाला. टिटवी म्हणाली, "खुड. लेक वाचेल. राज्यात पुन्हा दुसरे रोप उगवणार नाही."

राजाला कुवलयाचा पाय आठवला. गावोगावची रडारडही पहिल्यांदाच आठवली. त्याने हात मागे घेतला आणि तो ओक्साबोक्शी रडला.

"सारे तर परत दिले मी! मग एकच का?"

"सारे नाही दिलेस, राजा. डोक्यावरचे राहिले."

राजाने मुकुट चाचपला. पान तिथेच होते. त्याने ते उपटून मातीत ठेवले, पण सूर्य वर आला होता. विचारायची वेळ टळली होती. पुढच्या सूर्योदयापर्यंत तो तिथून हलला नाही.

सूर्य उगवताच राजा पुन्हा वाकला. पान विरले आणि बघता बघता सारा माळ हिरवा झाला. त्याने मूठभर पाला खुडला, घोडा पिटाळला, लेकीच्या पायावर रस पिळला. जखम मिटली.

"राणी, रक्त थांबले!"

राणी म्हणाली, "महाराज, ते पहाटेच थांबले. वाहायला काही उरलेच नव्हते."

शाप त्या दिवशी उतरला. राज्यात जखमा भरू लागल्या, बाळंतिणी लेकरे घेऊन घरी गेल्या, न्हाव्यांचे वस्तरे पुन्हा चालू लागले. टिटवीने माळावर अंडी घातली, आणि तिथे कुणी जोरात पाऊल टाकीत नसे. राजाने मुकुट पुन्हा घातला नाही.

म्हातारपणी कधी त्याच्या बोटाला काटा लागला, की सेवक पाला घेऊन धावत. राजा हात मागे घेई आणि म्हणे, "थांबा. थोडे वाहू द्या."