पिवळ्या गाडीची शेवाळी साल

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात महिपती नावाचा एक गाडीवाला राहत होता. माणूस सरळ होता, पण त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जेवायला बसला तरी त्याचा एक डोळा दारातल्या गाडीवर असे. गाडी हळदीसारखी पिवळीधमक होती. घेतली तेव्हा पांढऱ्या गाडीसाठी थांबावं लागणार होतं, आणि थांबणं महिपतीला कधी जमलं नाही. दुकानात उभी होती ती पिवळी त्याने घरी आणली, आणि त्या दिवसापासून तो रंग त्याला खुपू लागला.

रोज सकाळी तो घाटरस्त्याने माणसं घेऊन तालुक्याला जाई. तिथल्या स्टँडवर शिदू नावाचा दुसरा गाडीवाला होता. महिपतीची गाडी दिसली की शिदू म्हणे, "आला बघा नवरदेव, हळद लावून." बाकीचे हसत. महिपतीही हसल्यासारखं करी. पण ते हसू त्याच्या घशाखाली उतरत नसे.

घाटात रस्ता अरुंद होता. दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या. गाडीवर रोज नवा ओरखडा उठे. कुणीतरी महिपतीला सांगितलं की शहरात एक फिल्म मिळते. फळावर साल असावी तशी ती गाडीवर बसते. ओरखडा उठला तर सालीवर उठतो, आतल्या रंगाला लागत नाही. महिपती शहरात गेला.

दुकानदाराने आधी बिनरंगाची फिल्म दाखवली. मग रंगीत फिल्मच्या तुकड्यांची चळतच पुढे टाकली. "हीसुद्धा तेवढंच राखते," तो म्हणाला, "आणि गाडी नवी दिसते. मन भरलं की सोलून काढा. खालचा रंग जसाच्या तसा."

हे ऐकलं आणि महिपतीची झोप उडाली. तो तुकडे घरी घेऊन आला. सकाळी राखाडी चांगला वाटे, दुपारी मोरपंखी. काळा तुकडा त्याने म्हशीच्या पाठीला लावून पाहिला. म्हैस चालू लागली, तसा तो तुकडा धरून तिच्यामागे चालू लागला. बायको कौसल्या दारातून बघत होती.

"म्हशीला विचारताय का रंग?" ती म्हणाली.

"तू सांग मग."

"बिनरंगाची लावा. पिवळीला काय धाड भरलीय? लांबून कळते तरी, तुम्ही आलात म्हणून. चुलीवर तवा ठेवायला बरं पडतं."

महिपती मनात म्हणाला, हिला तव्यापलीकडे काही दिसत नाही. त्याने शेवाळी तुकडा उचलला आणि समोरच्या डोंगराकडे धरला. पावसाळ्याचे दिवस होते. तुकडा आणि डोंगर एक झाले. वन खात्याच्या साहेबाची गाडी त्याने अशीच पाहिली होती. "हाच," तो म्हणाला. आणखी विचार करत बसलो तर पुन्हा बदलेल, या भीतीने तो लगेच उठला.

गाडी शेवाळी होऊन आली. स्टँडवर शिदूने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि हळदीचं नावही न काढता चहा प्यायला गेला. महिपतीला वाटलं, आता सुखाची झोप लागेल.

पण दुसरीच गोष्ट घडली. घाटात अर्ध्यावर एक वळण होतं. तिथं उंबराचं झाड होतं, आणि वर कड्यावरच्या सपाट सड्यावर धनगरांची वाडी. त्या उंबराखाली रोज कुणी ना कुणी उभं असायचं. कुणाच्या हातात दुधाची किटली, कुणाच्या कडेवर तापलेलं पोर. महिपती पोचायचा आणि माणसं तयार असायची. जसा उंबर तिथं असतो तशी माणसंही असतात, असंच तो समजून चालला होता. कशी असतात, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

आता उंबराखाली कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, असेल काही. दुसऱ्या दिवशी त्याने थांबून हॉर्न वाजवला. पण वळणावर हॉर्न सगळेच वाजवतात, आणि शेजारी धबधबा एवढा कोसळत होता की हॉर्न त्याचा त्यालाच ऐकू येईना. रोज वळण यायचं आणि रोज ते रिकामं असायचं.  शेवटी महिपतीने स्टँडवर शिदूला गाठलं.

"माझी माणसं पळवलीस."

शिदूने कप खाली ठेवला. "नवरदेवा, माझी गाडी घाटात जाते का कधी? तुझी माणसं मी काय खिशात घालून नेऊ?"

मग महिपतीला वाटलं, रंगच लाभला नाही. तो पुन्हा तुकडे खिशात घालून हिंडू लागला. राखाडी लावावा का? की मोरपंखी? मागच्या सीटवरची माणसं बोलत असत आणि हा एका हाताने तुकडे चाळत असे.

एके दिवशी तो असाच उंबराखाली थांबला होता. गाडी रिकामी होती. पावसाची झड होती, काचा वर होत्या. एवढ्यात वाडीच्या वाटेने एक म्हातारी घसरत, धडपडत खाली आली. तिने गाडीकडे पाहिलं, पुढे रस्त्याकडे पाहिलं, मग काच ठोठावली.

"बाबा, म्हयपतीची पिवळी गाडी कुठं दिसली का रं वाटंत?"

महिपतीने काच खाली केली. ती वाडीतली धोंडाबाई झोरे होती. "मावशी, मीच की."

म्हातारीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग गाडीकडे. "आन् पिवळी?"

"हीच ती. रंग बदलला."

"आरं माझ्या कर्मा," म्हातारी म्हणाली आणि तिथंच दगडावर टेकली. "सुनंला कळा लागल्यात, पोर आडवं हाय. गडी तिला झोळीत घालून वर सड्यावर उभं हायत. पिवळी दिसली तर खाली उतरा, न्हाय तर पल्याडच्या खिंडीनं चालत न्या, आसं ठरलंय. त्या वाटंनं दिस मावळंल रं. मी फुडं आले, तुला थोपवून धरायला. तूच न्हाईस म्हणून जीव उडाला."

महिपती बाहेर आला. वर सड्याच्या कडेला काळे ठिपके दिसत होते. त्याने डोक्याचा टॉवेल सोडून हलवला. धोंडाबाईने पदर हलवला. ठिपके हलले नाहीत. वरून माणूस मुंगीएवढा दिसतो, आणि मुंगीने टॉवेल हलवला काय आणि नाही काय. हाक मारावी तर धबधबा ती गिळत होता. चढून जावं तर वर पोचेपर्यंत ती माणसं खिंडीला लागली असती.

"रोज कसं कळायचं तुम्हाला, मी आलो ते?" त्याने विचारलं. 

"कसं म्हंजे? पिवळी पुलावर दिसली की दूध गाळायचं. वढ्यापाशी आली की किटली उचलायची. आमची पोरं कडंला बसून वरडत्यात, पिवळी आली, पिवळी आली. ह्या आठवड्यात पिवळी आलीच न्हाय. आमी म्हणलं, म्हयपती आजारी पडला. म्हसोबाला नारळ बोलले तुझ्यासाठी."

 महिपतीने बॉनेटच्या कडेला नख घातलं. इंजिन तापलेलं होतं, म्हणून फिल्मची कड मऊ पडली होती. ती सुटली. त्याने दोन्ही हातांनी ओढली, तशी शेवाळी साल चरचरत निघाली आणि खालून पिवळा रंग वर आला. पण बॉनेट केवढंसं. तो टपाकडे वळला. टप थंड होता. तिथली फिल्म निघेना, चिंध्या होऊन तुटू लागली. महिपतीची नखं फाटली. धोंडाबाई गाडीच्या पायरीवर चढली आणि बकरं सोलावं तशी पलीकडून ओढू लागली.

"खेच, मावशी."

"खेचत्येच हाय. तू तुझं बघ."

ठिपके वळले होते. एक एक करून ते खिंडीकडे सरकू लागले होते. महिपतीने वर बघायचं सोडून दिलं. त्याने डोळे मिटून कड धरली आणि सगळं अंग मागे टाकलं. टपावरचा मोठा तुकडा सुटला आणि तो चिखलात उताणा पडला.

पडल्या जागेवरून त्याला गाडी दिसली. ओल्या हिरव्या डोंगरात टप पिवळाजर्द चमकत होता. आणि वर, सड्यावर, शेवटचा ठिपका थांबला. मग बाकीचे थांबले. मग ते सगळे उतरणीला लागले.

"बघितली," धोंडाबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

झोळी खाली आली. महिपतीने गाडी अशी चालवली की खड्डे चुकवले, पण वेळ दवडला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतीण सुटली, आणि बाळही रडलं. मुलगी झाली. धोंडाबाईने बाहेर येऊन महिपतीच्या फाटलेल्या बोटांना आपल्या पिशवीतली हळद लावली.

पुढे महिपती उरलेली साल काढून घ्यायला शहरात गेला. दुकानदाराने तुकड्यांची चळत पुढे केली. "आता कोणता रंग, काका?"

"बिनरंगाची लाव," महिपती म्हणाला, आणि खिशातले तुकडे त्याने परत केले.

तो स्टँडवर आला तेव्हा शिदू वाटच बघत होता. "आला का नवरदेव परत, हळद लावून?"

महिपती या वेळी मनापासून हसला.

"आलो बाबा," तो म्हणाला. "वर वऱ्हाड खोळंबतं रे माझं."

तात्पर्य: आपलं रूप हसणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून बदलू नये. कुठेतरी उंचावर बसून कुणीतरी आपली वाट बघत असतं. त्याला आपण लांबून ओळखू आलो पाहिजे.