हैबतीचे माड

पळसवडीच्या माडांची हकीकत माझ्याएवढी खरी सांगणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नाही. तसे आणखी दोघे होते. एक वारले, आणि दुसऱ्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे ते मला खोडत नाहीत. शिक्षण विचाराल तर चौथी. पाचवीतही बसलो असतो, पण मास्तरांनी माझ्यापुढे हात जोडले.

आमचा मुलूख कुसळांचा. इथे बाभळसुद्धा उपकार केल्यासारखी उगवते. अशा मुलखात पळसाईच्या टेकडीवर नारळाचे माड उभे आहेत, तेही ओळीने नाहीत. एक ओढ्याच्या अंगाला, एक पार उजवीकडे खडकाच्या कुशीत, एक वाटेच्या मधोमध. झिंगलेल्या माणसाने लावावेत तसे. एकूण पाच म्हणा. सहाव्याबद्दल वाद आहे, आणि तो वाद मीच लावून दिलेला आहे.

मागच्या महिन्यात टेम्पो भरून कॉलेजच्या पोरी आल्या, चढावर पळायच्या सरावाला. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, सुजलेल्या पपईसारखा. एकीने तो काखेत मारून पळायचे आणि बाकीच्यांनी तिला लोळवायचे, असा खेळ. मी खडकाच्या कुशीतल्या माडाखाली बसून बघत होतो. म्हटले, हा तर आमचा नारळ! त्यांच्यात शिवलीला नावाची एक उंच पोर. पळायला लागली की बाकीच्या खुंटाला बांधल्यासारख्या दिसायच्या. पण टेकडीच्या माथ्याकडे आली, मागे चिटपाखरू नाही, आणि चेंडू तिच्या हातातून सुटला तो टप्पे खात माझ्या पायाशी आला.

"सांडलास का पुन्हा, शिवे!" खालून पोरी ओरडल्या. त्यांच्या शिट्टीवाल्या सरांनी तर कपाळच धरले.

मी चेंडूवर काठी ठेवली. "बरोबर जागी पडला," म्हटले. "बसा सगळ्या. ह्याच जागी पूर्वी एकाच्या हातून पडलेला आहे. आणि सर, तुम्हीही बसा. शिट्टी खिशात ठेवा, देवी दचकते."

मग सांगितले ते असे.

पूर्वी, आमच्या पणज्याच्याही आधी, पळसाईच्या जत्रेला नारळ पळवायची चाल होती. गावात आळ्या दोन, वरली आणि खालली. नारळ मात्र एकच, सालासकटचा असोला. गुरवाने वेशीत उभे राहून तो वर उडवायचा. ज्याच्या हाती लागेल त्याने टेकडी चढून देवळाच्या पायरीवर पोचवायचा. दुसऱ्या आळीने त्याला अडवायचे. मारायचे नाही, मिठी घालावी, पाय धरावा, लोळवावे, एवढे चालते. पायरीवर पोचवला तर पाटाचे पाणी वर्षभर त्या आळीला आधी. वाटेत पडला तर पाणी दुसऱ्या आळीला. आणि पडलेल्या नारळाला कोणी शिवायचे नाही. जिथे पडला तिथे देवीने घेतला, असा गावाचा न्याय.

खालल्या आळीत हैबती खरात नावाचा गडी होता. लहानपणी म्हणे त्याचे पाय सुतळीसारखे होते. पोर चार वर्षांचे झाले तरी उभे राहीना. आईने पळसाईला पदर पसरला. काय बोलली ते तिने कोणाला सांगितले नाही. पण पोर उभे राहिले, चालले, आणि मग असे पळू लागले की थांबवायला माणूस पाठवावा तर तो माणूसच हरवायचा. सशाला मागे टाकून हा पुढे बसून त्याची वाट बघायचा, असे सांगतात. हे सांगणारा माझा आजा होता, म्हणजे निम्मे धरा.

हैबती नारळ पळवायला उतरला आणि वरल्या आळीची झोप उडाली. मी वरल्या आळीचाच, त्यामुळे आमच्या लोकांची फजिती मी हात राखूनच सांगणार, हे ध्यानात ठेवा. आमचे चार-चार पैलवान त्याच्या अंगावर पडायचे आणि उठून बघायचे तर चौघांनी एकमेकांनाच धरलेले. हैबती गेलेला टेकडीवर, आजूबाजूला कोणी नाही, पायरी हाकेवर. आणि तिथे, कोणी हात न लावता, नारळ धप्पकन खाली.

पहिल्या साली लोक म्हणाले, घाम आला असेल. दुसऱ्या साली म्हणाले, दृष्ट लागली. त्यापुढे कोणी म्हणे हाताला तेल लावतो, कोणी म्हणे वरल्या आळीने लिंबू टाकले. शेवटी जे म्हणायचे ते म्हणालेच: गडी फितूर आहे. खालल्या आळीच्या वाट्याला दरसाल पाटातला चिखल यायचा. त्याला नाव पडले 'गळका हैबती'. आमच्याकडे अजून कोणाच्या हातून कपबशी पडली की घरातले म्हणतात, "आला का हैबती?"

पडलेले नारळ टेकडीवर तसेच राहिले आणि त्यांना कोंब फुटले. आमच्या वरल्या आळीची माणसे मुळातच दयाळू. हैबतीची फजिती उन्हाने वाळून जाऊ नये म्हणून ती रोज घागर-घागर पाणी नेऊन त्या कोंबांना घालू लागली. पाणी त्यांच्याकडे मुबलक होते, हैबतीच्याच कृपेने.

असे करता करता एका जत्रेआधी खालल्या आळीची बैठक बसली. बाळोबा कारभारी म्हणाला, "हैबती, औंदाचा शेवटचा. औंदा पडला तर पुन्यांदा नारळाला हात लावायचा न्हाय. आन् जत्रंत येशीत उभं ऱ्हायचं न्हाय."

हैबती घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. ज्याला पळण्याशिवाय दुसरे काही येत नव्हते, त्याचे पळणेच जायची वेळ आली होती. बायको धुरपा भाकरी थापत होती. म्हातारी आई चुलीशी.

"म्या औंदा पळत न्हाय," तो म्हणाला. "पाय माजं ऐकत्यात. हात ऐकत न्हाईत."

धुरपा म्हणाली, "हात बी ऐकत्यात. पर कुणाचं ऐकत्यात, ते म्या बगितलंय."

गेल्या साली ती ओटी भरायला आधीच देवळात गेली होती आणि पायरीवर उभी होती. साऱ्या गावाची नजर नारळावर, हिची नवऱ्याच्या तोंडावर. "टेकाडाआडनं कळस दिसला," ती म्हणाली, "की तुमचं डोळं निवत्यात आन् दोन्ही हात जुळत्यात. जुळल्या हातात नारळ ऱ्हाईल कसा?"

हैबतीला पटेना. पण माणसाला स्वतःची पापणी लवलेली कुठे कळते? टेकडीला खांदे अनेक. पोरे मागे लागतील तशी त्याची वाट बदलायची आणि कळस दरसाल वेगळ्या जागी डोळ्यांपुढे यायचा. म्हणून नारळही दरसाल वेगळ्या जागी.

चुलीशी म्हातारीचा हात थांबला. "म्याच बोलले हुते पळसाईला," ती म्हणाली. "माझ्या पोराला पायावर उभं कर, कळस दिसंल तितं हात जोडल्याबिगर ते पाऊल फुडं टाकनार न्हाय. धाकटा असताना म्याच तुजं हात धरून जोडायची."

म्हणजे बघा. पाय देवीने दिले आणि हात तिनेच ठेवून घेतले.

हैबती म्हणाला, "एक डाव न्हाय जोडलं तर?"

म्हातारी कडाडली, "नवस मोडतोस? पाय मागारी मागंल ती!"

"डोळं मिटून पळतो."

"डोळं मिटलं की हात आदीच जुळत्यात तुमचं," धुरपा म्हणाली. तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग भाकरी उलटताना तिला हसू आले. "आत्याबाई, कळस दिसला तर हात जोडायचं, असंच बोलला हुता न्हवं? आन् दिसलाच न्हाय तर?"

जत्रेचा दिवस उजाडला. गुरवाने नारळ उडवला आणि तो नेहमीप्रमाणे हैबतीच्या हातात आला. आमचे पैलवान नेहमीप्रमाणे एकमेकांना मिठ्या मारून पडले. हैबती ओढा ओलांडून टेकडीच्या पायथ्याशी आला, आणि तिथे गर्रकन वळला. देवळाकडे पाठ केली, नारळ पोटाशी धरला, आणि तोंड गावाकडे ठेवून उलटा चढू लागला.

आधी सगळे थबकले. मग वरली आळी हसायला लागली. माणसे पोट धरून दगडगोट्यांवर बसली. हैबती मात्र पाठमोरा चढतच होता. पण उलट्या पावलांना वाट कोण दाखवणार? डावीकडे खड्डा, उजवीकडे खडक. आमचा सुभाना नावाचा पैलवान हसू आवरून उठला आणि दोन ढांगांत त्याच्या कासेला भिडणार, एवढ्यात वरून, पायरीवरून, बाईचा खणखणीत आवाज आला.

"हैबतीऽ! डाव्या अंगाला! येऊ दे, येऊ दे!"

पोरींनो, तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण त्या काळी बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे म्हणजे उखाण्यात, तेही लाजून, तेही दहादा आग्रह केल्यावर. आणि ही धुरपा पदर खोचून, गावादेखत, सासऱ्या-दिरांदेखत, ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडतो तशी नवऱ्याला नावाने हाका मारत होती!

सुभाना होता तिथेच खिळला. त्याचा हात हवेत, तोंड उघडे. सगळी वरली आळी आ वासून धुरपाकडे बघत राहिली. म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. ज्यांनी नारळवाल्याला धरायचे त्यांचे हात कानावर! आणि हैबती मधून चढत होता. "हैबती, उजवं पाऊल! हैबती, दगूड हाय! येऊ दे, येऊ दे... बास!"

हैबतीची टाच पायरीला लागली आणि तो धपकन पायरीवर बसला. नारळ मांडीत.

आता शहाणा माणूस असता तर तिथेच बसून राहिला असता. पण हैबती देवीच्या दारात पाठ करून कसा बसणार? तो उठला, नमस्काराला वळला, आणि बरोबर डोक्यावर कळस! हात जुळले. नारळ सुटला. पायरीवर आपटला, एक गिरकी घेतली, आणि उंबऱ्याला टेकून उभा राहिला.

"पडला! पडला!" वरल्या आळीने आरडाओरड केली.

"ठिवला! ठिवला!" खालली आळी ओरडली.

पैलवान बाह्या सारू लागले. तेव्हा गुरव, जो एरवी प्रसादाशिवाय कशात मधे पडत नसे (आजचा गुरवही तसाच आहे, तो हे वाचील म्हणून लिहिले), पुढे आला. म्हणाला, "पडला, हे खरंच हाय. म्या डोळ्यांनी बगितला. पर पडला नारळ जितं पडतो तितं देवीनं घेतला, ह्यो न्याव कुनाचा? वरल्या आळीवाल्यांनो, इतकी सालं ह्याच न्यावानं पानी घेतलंसा न्हवं? मग देवीनं औंदा त्यो पायरीवर घेतला. जावा, पाटाचं पानी खालल्या आळीला सोडा."

ह्यावर आमच्या आळीने उत्तर शोधले म्हणे. अजून सापडलेले नाही.

हैबती त्यानंतर म्हातारा होईपर्यंत पळाला, दरसाल उलटा. किती साल जिंकला ते आता कोणाला आठवत नाही, कारण जिंकल्याची खूण राहिली नाही. पडल्याची मात्र झाडे झाली. म्हातारपणी तो ह्याच माडाखाली बसायचा. वरल्या आळीचे लोक आपणच पाणी घालून वाढवलेली शहाळी काढून त्याला नेऊन द्यायचे. तो शहाळे दोन्ही हातांनी धरायचा, आणि प्यायच्या आधी समोर कळस दिसला की अंगरखा भिजवून घ्यायचा.

आजही जत्रेला आमच्याकडे नारळ पळवतात. शेवटचा चढ उलटाच चढायचा. पायरीवर नारळ ठेवायचा नाही; हात जोडायचे आणि पडू द्यायचा. पळणाऱ्याच्या घरची बाई पायरीवर उभी राहून त्याला नावाने हाका मारते, आणि त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत गावातली प्रत्येक बाई नवऱ्याला नावाने हाक मारते. आमची ही वर्षभराचे तेवढ्यात वसूल करून घेते. आणि आजही ह्या माडांपैकी कुठल्याही माडाच्या बुंध्याशी उभे राहून वर बघा. बरोबर कळस दिसतो. एक पाऊल मागे घ्या, दिसत नाही.

एवढे सांगून मी थांबलो. पोरी एकेक करून बुंध्याशी जाऊन पाऊल पुढे-मागे करून बघू लागल्या. सरही गेले, पण कोणी बघत नाही असे बघून. शिवलीला तेवढी माझ्यासमोर बसून राहिली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही पळालात का कधी?"

"मी?" म्हटले. "गावात विचार जा! अगं, एवढा हैबती, पण त्याच्याही हातून पडला. एवढी पळणारी तू, तुझ्याही हातून पडतो. पण ह्या गेनूतात्याच्या हातून उभ्या जन्मात एकदाही नारळ पडलेला नाही!"

तिने माझ्या काठीखालचा चेंडू ओढून घेतला, काखेत घट्ट मारला आणि उठून उभी राहिली.

"एकदाही नाही?" ती म्हणाली. "मग तुमच्या हातात कुणी दिला होता का हो कधी?"