न हलणारा आकडा

"…आणि तो आधीच आत येऊन बसला असेल तर?" परकार मास्तरांनी विचारलं.

शाल्मली बेंद्रेला तो प्रश्न आवडला नाही.

कुंभेरीच्या जलशुद्धीकरण केंद्राची ती मुख्य अभियंता. केंद्रातले पंप आणि व्हॉल्व्ह चालवणारे जे कंट्रोलर, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फट राहून गेली आहे, असा इशारा आठवड्यापूर्वी आला होता. नेटवर्कपर्यंत पोचलेला कोणीही पासवर्डशिवाय त्यांना हुकूम देऊ शकत होता. ती फट बुजवणारा पॅच हातात पडताच काल सकाळपासून शाल्मली कामाला लागली, आणि आज दुपारपर्यंत अकराच्या अकरा कंट्रोलर तिने दुरुस्त केले.

हे सांगायलाच तिने मास्तरांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दाऊद परकार या केंद्रात चौतीस वर्षं मेकॅनिक होते. नवखी असताना तिला त्यांनीच हाताशी धरून शिकवलं होतं. आज त्यांनी पाठ थोपटावी, एवढीच तिची अपेक्षा.

"मास्तर, फट बुजवली. आता बाहेरचा कोणी आत येऊ शकत नाही."

"ते ऐकलं. मी आतल्याचं विचारतोय."

"कोणी असता तर दिसला असता."

"कुठे?"

तिने भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बोट केलं.

मास्तर खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. ते आकडेच बघत राहिले. वय झालंय, शाल्मलीच्या मनात आलं. मग तिनेच समजावून सांगायला घेतलं. शहराकडे जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन किती आहे, ते आता दर मिनिटाला इथे बसून कळतं. म्हणून तर दर तासाला हाताने नमुना तपासायची जुनी पद्धत तिने स्वतःच्या सहीने बंद केली होती.

मास्तरांनी मान वळवली नाही.

"क्लोरीनचा आकडा बघ."

"शून्य पॉइंट पाच. हवा तेवढाच."

"मी आलो तेव्हा?"

"तेवढाच."

"त्याआधी?"

तिने आलेख मागे सरकवला. सकाळ… काल… परवा.

परवा दुपारी तीनपर्यंत रेघ जराशी थरथरत होती, नेहमी थरथरते तशी. तीननंतर पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ.

पॅचचं काम तिने त्यानंतर सुरू केलं होतं.

"सेन्सर अडकला असेल," ती म्हणाली.

"असेल," म्हणत मास्तर उठले.

तपासणीची पेटी कपाटाच्या तळाशी होती. शहराकडे जाणाऱ्या मोठ्या पाइपला एक छोटा नळ होता, त्याखाली मास्तरांनी काचेची नळी धरली आणि औषधाची बाटली तिच्या हातात दिली. क्लोरीन असलेल्या पाण्यात हे थेंब पडले की पाणी लगेच पिवळं होतं.

तिने थेंब टाकले.

दोघं बघत राहिले…

पाणी पाण्यासारखंच राहिलं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

तिने नळी धुतली, पुन्हा भरली, पुन्हा थेंब टाकले. पिवळेपणाचा मागमूस नव्हता.

मग मास्तरांनी तिला क्लोरीन सोडणाऱ्या पंपाकडे नेलं. स्क्रीनवर तो हिरवा होता, म्हणजे चालू. त्यांनी तिचा हात धरून पंपावर ठेवला.

पंप थंडगार होता.

शेजारच्या पाइपातून पाणी एकसारखं धावत होतं. कुंभेरीत साठ हजार माणसं. तिच्या पाच वर्षांच्या लेकीची शाळेची बाटली आज सकाळी तिनेच स्वयंपाकघरातल्या नळावर भरली होती.

"मी फट बुजवली… त्याला आत ठेवून."

ती मास्तरांकडे वळली.

"काय करू, मास्तर?"

"स्क्रीनला विचारू नकोस. हाताने जे होईल ते कर."

ती धावली. शहराच्या मुख्य व्हॉल्व्हचं चाक तिने आणि दोन ऑपरेटरांनी मिळून फिरवून बंद केलं. नेटवर्कच्या केबली उपटल्या. मुख्याधिकाऱ्यांना फोन करताना तिला वाक्य धड जुळवता येईना, तरी स्वतःच्या सहीबद्दलही तिने सांगितलं. अर्ध्या तासात गल्लीबोळांतून रिक्षा फिरू लागल्या, नळाचं पाणी पिऊ नका म्हणून. लेकीच्या शाळेत तिने सगळ्यांत शेवटी फोन केला. बाटली रिकामी झाली होती.

पुढचे पाच दिवस केंद्र हातांनी चाललं. एकेक कंट्रोलर पुसून कोरा केला, प्रोग्रॅमची जपून ठेवलेली जुनी प्रत त्यावर चढवली, वरून पॅच लावला. तेव्हा एका पॅनेलच्या मागे, केंद्राचं नेटवर्क बाहेरच्या इंटरनेटला जोडणारा एक मोडेम सापडला. घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून ठेकेदाराने तो लावून ठेवला होता, आणि काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

शहरात तेवीस जणांना जुलाब-उलट्या झाल्या. एक म्हातारी तीन दिवस सलाईनवर होती. सगळे घरी परतले. शाल्मलीच्या लेकीला काहीच झालं नाही.

कोण आला होता, कुठून आला, कशासाठी, ते कळलं नाही. त्याने काही मागितलं नव्हतं, धमकीची एक ओळही लिहून ठेवली नव्हती. नुसता एक पंप थांबवला होता आणि एक आकडा गोठवला होता. शाल्मलीला याचीच सर्वांत जास्त भीती वाटत होती.

सहाव्या दिवशी ती मास्तरांच्या घरी गेली आणि पडवीत खाली बसली. हाताने नमुना घेणं पुन्हा सुरू केलंय, तिने सांगितलं. पाणी दर तासाला पिवळं होतं. तरी पिवळं झाल्यावरही विश्वास बसत नाही, पुन्हा एकदा नळी भरावी लागते. घास गिळताना, लेकीची वेणी घालताना मनात तोच पंप येतो.

"ही भीती कधी जाईल, मास्तर?"

"जाईल तेव्हा मला कळव," ते म्हणाले. "त्या दिवसापासून मी पाणी उकळून पिईन."