उंबऱ्यावरच्या माश्या

एका राज्यात सगळं काही होतं, आणि माश्याही होत्या. हसू नका. एखाददुसरी माशी कुणाच्या घरात नसते? पण इथे राजमहालात माश्याच माश्या होत्या, आणि त्या कुठून येतात ते कुणाला कळत नव्हतं. दुधाच्या सायीवर माश्या, सिंहासनाच्या हातावर माश्या, जेवणघराच्या उंबऱ्यावर तर पाऊल ठेवायला जागा नाही. राजवैद्यानं गोठे पाहिले, मोऱ्या पाहिल्या, धान्याची कोठारं उपसली. कुठे काही कुजलं नव्हतं, कुठे घाण नव्हती. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, की माझ्या पोथीत याला औषध नाही.

राज्याला राणी होती, तिचं नाव कुंदावती. राजा होता सुकेतू, तो मात्र तीन वर्षांमागे जेवता जेवता उठून गेला तो परतलाच नाही. राणी कारभार नीट चालवी. लोक म्हणत, राणी मोठ्या धीराची. लोकांना काय जातंय म्हणायला! रोज दिवेलागणीला ती वेशीकडच्या खिडकीत उभी राही, धुळीचा लोट दिसला की ती खिडकीबाहेर वाकून पाही, आणि लोट जवळ आला की त्यातून गावची गुरं निघत.

त्या दिवशी झालं होतं असं. राणीनं स्वतः चुलीपुढे बसून पुरणपोळ्या केल्या होत्या. राजा कधी धड जेवत नसे; घास हातात घेतला की कुणीतरी दाराशी हजर. त्या दिवशीही पहिली पोळी निम्मी झाली आणि सांगावा आला, की सीमेवरच्या तळ्याचा बांध फुटतो आहे. राजा उठला, हात धुतले, उंबऱ्याशी थांबला आणि रीतीप्रमाणं म्हणाला, "येतो."

त्या राज्यात, आणि तुमच्याआमच्या घरातही, निघणारा 'जातो' म्हणत नाही. तो 'येतो' म्हणतो, आणि घरातलं माणूस 'या' म्हणतं. राणी पाठमोरी बसली होती. रागाच्या भरात तिच्या तोंडून निघालं, "जा."

एका अक्षराचा काय तो फरक. राजा क्षणभर उभा राहिला, आणखी काही येतं का म्हणून वाट पाहिली, आणि गेला. बांध सावरला, गावं वाचली, चौथ्या दिवशी राजाचा घोडा एकटाच परत आला. स्वारांनी सारी सीमा पालथी घातली, राजा काही सापडला नाही.

राणीनं जेवणघराला कुलूप घातलं. माणूस घराबाहेर पडला की तो मुक्कामी पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही, ही तिच्या आईची शिकवण. राजा पोचल्याचा निरोप कुठे आला होता? म्हणून तीन वर्षं त्या खोलीत केरसुणी फिरली नाही. ताटावर टोपली झाकलेली, टोपलीखाली अर्धी पोळी. ती पोळी अजून ऊन होती, आणि तिच्यावरचं तूप गोठलं नव्हतं. तिथंच राजाची साळुंकी पिंजऱ्यात होती. राजा गेल्यावर ती दिवसभर त्याच्याच आवाजात 'येतो, येतो' म्हणे. राणीला ते ऐकवेना. तिनं पिंजऱ्यावर कापड टाकलं. बाहेरच्या झरोक्यातून हात घालून कापडाखालून रोज दाणापाणी द्यायची, पण कापड काही काढायची नाही. साळुंकीनं मग बोलणंच सोडलं.

माश्यांपायी परराज्याचा वकील पानावरून उठून गेला, तेव्हा प्रधानानं राणीपुढे हात टेकले. राणी धूम्रनाथ मांत्रिकाकडे गेली. तो टेकडीवरच्या एका दगडात राहत असे, आणि दगडाला दार होतं.

"काय हवं?" त्यानं विचारलं.

राणीच्या ओठांवर एक आलं आणि तिनं दुसरंच सांगितलं. "माश्या जायला हव्यात."

"तेवढंच?"

"तेवढंच."

मांत्रिकानं तीन उपाय सांगितले, ते ओळीनं करायचे. पहिला, ज्या कडुनिंबावर कधी पाखरू बसलं नाही त्याच्या पानांची धुरी. राणी तीन रानं तुडवून ती पानं घेऊन आली. धुरी दिली, आणि सूपभर माश्या पडल्या. दुसऱ्या सकाळी होत्या तेवढ्याच पुन्हा. दुसरा उपाय, सावलीत वाढलेल्या उसाचा गूळ डिंकात कालवून खांबांना फासायचा. तो ऊसही राणीनं शोधून काढला. आणखी सूपभर माश्या चिकटून मेल्या. मरताना त्या बारीक गुणगुणत. हा आवाज आपण कुठेतरी ऐकला आहे असं राणीला वाटे, आणि ती सूप उचलून चालू लागे.

तिसरा उपाय मांत्रिकानं एका वाक्यात सांगितला होता. "जेवणघर उघड, ताट उचल, केर काढ."

राणी दोन दिवस कुलपापुढून नुसती येरझारा घालत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मन दगडाचं केलं. किती दिवस असं झाकून ठेवायचं, असं स्वतःलाच म्हणाली, आणि कुलूप काढलं. माश्यांचा थवा तिच्यासोबत आत शिरला आणि ताटाभोवती जाऊन बसला. तिनं केरसुणी घेतली. पिंजऱ्याखालचा केर निघावा म्हणून पिंजरा बाजूला सारायला गेली, तर त्यावरचं कापड सरकलं. साळुंकीनं उजेडात डोळे मिचकावले आणि राजाच्या आवाजात म्हणाली, "येतो."

आणि ताटाभोवतीच्या सगळ्या माश्या तेच म्हणाल्या. बारीक, अगदी बारीक आवाजात. येतो, येतो, येतो.

राणीच्या हातातली केरसुणी गळून पडली. "या माश्या कुणाच्या?"

"राजाच्या," साळुंकी म्हणाली. "तुझा 'जा' त्याच्या पायांत अडकला आहे. घराकडे टाकलेलं पाऊल मागेच पडतं. तरी दर पावलाला तो 'येतो' म्हणतो. त्याचा शब्द घरी पोचतो, त्याला 'या' मिळत नाही, मग तो शब्द माशी होऊन भिरभिरत राहतो."

"आणि केर काढला असता तर?"

"माश्या गेल्या असत्या. राजाही गेला असता."

तीन वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याचे शब्द रोज तिच्या अंगाखांद्यावर बसत होते, आणि ती त्यांना झटकत होती. दोन सुपं भरून तिनं ते आपल्या हातानं उकिरड्यावर टाकले होते. ती पोटभर रडली. मग तिनं डोळे पुसले, एका माशीपुढे हात धरला आणि म्हणाली, "या."

माशी उडाली, दाराबाहेर पडली, सीमेकडे गेली. तिकडे राजाचं एक पाऊल पुढे पडलं.

सगळ्यांना मिळून एकदा 'या' म्हणून पाहिलं, तर एकही हलली नाही. प्रत्येक 'येतो' वेगळा, त्याला 'या'ही वेगळा. राणी उंबऱ्यात बसली आणि तीन दिवस तेवढंच म्हणत राहिली. घसा बसला, मग ती पुटपुटू लागली. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेवटची माशी गेली. महाल इतका शांत झाला, की राणीला भीती वाटली.

पिंजरा उचलून ती खिडकीशी धावली. वेशीबाहेरच्या चिंचेखाली एक माणूस उभा होता. तिनं ओळखला. तो पाऊल उचली, ते मागेच पडे.

"तो का येत नाही?" तिनं विचारलं.

"जितक्या मारल्यास, तितकी पावलं उणी पडली," साळुंकी म्हणाली. "ती आता त्याला चालता येणार नाहीत."

यापुढे राणीला काही सांगावं लागलं नाही. मेणा नाही, दासी नाही, पायांत वहाणा नाहीत, ती तशीच निघाली. ती दोन सुपं पावलं होती. तिनं त्यातलं एकही मोजलं नाही. वेशीतली माणसं बाजूला झाली, गुरं बाजूला झाली, राणी चिंचेखाली जाऊन उभी राहिली. राजाचे केस पिकले होते, पाय फुटले होते.

"येतो म्हणालो होतो," तो म्हणाला.

"ऐकलं होतं मी," राणी म्हणाली. तिचा आवाज फुटत नव्हता, तरी राहिलेला शब्द तिनं म्हटला. "या."

राजाचं पाऊल पुढे पडलं, आणि ते पुढेच राहिलं.

राजा आपल्या पाटावर बसला, टोपली निघाली, अर्धी पोळी त्यानं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. दाराशी प्रधान घाईचा कागद घेऊन आला होता. राणीनं त्यालाही बसवून पोळी वाढली. राजा मुक्कामी पोचला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच राणीनं स्वतः ताट उचललं आणि तीन वर्षांचा केर काढला. त्या महालात पुढे उन्हाळ्यात एखादी माशी येई. राणी आधी कान देई, मग पदरानं हाकलून लावी.

झाली कहाणी, आता तुम्ही उठाल. उठताना येतो म्हणा. मी म्हणतो, या.