बिनभिंतीचं सशांचं घर

“भिंत नको, कूड नको, दोरी नको, दार नको! राखणदारसुद्धा नको! आणि तरीही ससे आपल्या जागेतून हलता कामा नयेत!” धुंडिराज राजा गरजला आणि पायाचा दुखरा अंगठा धरून मटकन खाली बसला.

झालं होतं काय, तर राजकन्या सगुणानं पाळलेले दोन ससे, पांढरीशुभ्र लोणी आणि काळा कुळकुळीत काजळ, राजाच्या दिवाणखान्यात राहायचे. बाहेर बागेत मुंगसांचा सुळसुळाट, म्हणून घरात. पण गप्प बसतील तर ते ससे कसले! लोडांचा कापूस काढ, पडद्यांच्या झालरी खा, राजाच्या जरीच्या जोड्याला भोक पाड! शेवटी रावजी बुरडाला बोलावलं. त्यानं बांबूच्या कामट्यांचं सुरेख कुंपण विणलं. ते सशांनी उसासारखं सोलून खाल्लं. मग सुतारानं सागवानी कठडा ठोकला. त्याला परगावच्या पाहुण्यांसमोर खुद्द राजाच ठेचकाळला आणि तोंडावर आपटला! पाहुणे हसले. राजाला ठेचेपेक्षा ते हसू जास्त लागलं.

“हा दिवाणखाना आहे की कोंडवाडा?” राजा ओरडला. “उद्या दिवसभर ससे मी म्हणतो तशा घरात राहिले तर ठीक. नाहीतर संध्याकाळी मुदपाकखान्यात!”

सगुणानं दोन्ही ससे पोटाशी धरून भोकाड पसरलं. प्रधान दाढी खाजवत राहिले. सुतार तर केव्हाच पसार झाला होता.

कोपऱ्यात एक पोरगी गालिच्यातून सशांच्या लेंड्या सुपात वेचत होती. ती रावजी बुरडाची लेक, ठकू. रोजचं तिचं हेच काम. गालिचा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्याची लोकर अशी दाट की बोटं आत बुडायची. वेचून वेचून तिच्या कमरेचा पार काटा ढिला झालेला. तरी सशांवर मात्र तिचा भारी जीव!

“आबा,” ती बापाच्या कानाशी लागली, “तुम्ही कुंपण कुठं विणलंत? तुम्ही तर सशांना पान वाढलंत!”

“हस बाई, हस,” रावजी कुरकुरला. “उद्या त्या मुक्या जिवांचं कालवण होईल, तेव्हा कळेल.”

ठकूचं हसू तिथंच विरलं. लोणीचं कालवण! हातातलं सूप तिनं खाली ठेवलं आणि खिडकीकडं पाहिलं. तिथं तेवढा गालिचा हातभर तोकडा पडायचा. सगळा दिवाणखाना पालथा घालणारे ससे त्या कोपऱ्याकडं मात्र कधी ढुंकूनही बघत नसत. ठकू ताडकन उठली.

“महाराज, मी बांधते घर!”

“तू? बापाला जमलं नाही ते लेकीला जमणार? बरं, बोल, काय आणायचं? बांबू? लोखंड?”

“आणायचं काही नाही, महाराज. न्यायचंय! चार दांडगे गडी तेवढे द्या. अन् सकाळपर्यंत इकडं फिरकू नका.”

“माझ्याच दिवाणखान्यात मला बंदी?”

“भाकरी भाजेपर्यंत तव्याशी लुडबुड करू नये, महाराज!”

सकाळी राजा आला आणि उंबऱ्यातच थबकला. गालिचा गायब! खाली त्याच्या आजोबांच्या काळची काळ्या दगडाची घोटीव फरशी, नारळाच्या सोडणानं घासून अशी लखलखीत केलेली की तोंड पाहून घ्यावं. मधोमध एक जुनी घोंगडी. घोंगडीवर लोणी आणि काजळ.

“घर कुठाय?”

“हे काय, समोर!”

“ही तर घोंगडी!” राजा फिस्कारला. “ठेवा रे तिकडं मुळ्याचा पाला!”

घोंगडीपासून दोन हातांवर कोवळा पाला ठेवला. काजळ काठाशी आला. नाक फुरफुरवलं, मान ताणली, एक पाय फरशीवर टाकला... सर्रकन! पाय पुढं, ससा मागं! उडी मारून तो घोंगडीवर परतला आणि रागानं मागचा पाय धपकन आपटला. लोणी शहाणी. ती काठावरूनच माघारी फिरली.

राजा हट्टानं उंबऱ्यात ठाण मांडून बसला. दुपार झाली, दिवस कलला. ठकूनं घोंगडीवर टाकलेला पाला खाऊन ससे पाय ताणून झोपले, पण बाहेर म्हणून आले नाहीत. सगुणा टाळ्या पिटत होती.

“लबाडी आहे! पायांना तेल लावलंय त्यांच्या!” राजा उठला आणि रेशमी तळव्यांचे जोडे घालून तरातरा निघाला. चार पावलं गेला असेल नसेल, झुईंकन घसरला आणि थेट सशांच्या मधोमध जाऊन बसला! उठायला फरशीवर पाय टेकला. पुन्हा धप्प! लोणी खुशाल त्याच्या मांडीवर चढली. प्रधानांनी तोंडात उपरणं कोंबलं.

“ए पोरी! भिंत नको म्हणालो होतो ना मी?”

“उभ्या भिंतीची तुम्हांला ठेच लागते, महाराज. म्हणून आडवी घातली! सशाच्या तळव्याला केसच केस. गुळगुळीत दगडावर त्याचा पाय ठरत नाही.”

“सशाचं ठीक आहे. पण मी कसा अडकलो?”

“भिंत पक्की असली ना, महाराज, की ती ससा बघत नाही अन् राजाही बघत नाही!”

राजा असा खदखदून हसला की डोळ्यांतून पाणी आलं. “काखेत कळसा अन् गावाला वळसा! आजोबांनी भिंत घालून ठेवली, आणि मी तिच्यावर गालिचा अंथरून बसलो! माग पोरी, काय हवं ते माग!”

“तो गालिचा तेवढा परत अंथरू नका, महाराज! घोंगडी काय, खिडकीत नेऊन झटकली की मी मोकळी!”

राजा पुन्हा हसत सुटला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं ठकूला दिलं. ते मनगटात राहीना, म्हणून तिनं दंडात चढवलं.

“महाराज, हात देऊ? उठताय ना?” प्रधानांनी विचारलं.

“कशाला? माझं ताट इथंच आणा!” मांडीवरच्या लोणीला थोपटत राजा म्हणाला. “आणि मुदपाकखान्यात सांगा, आज नुसती मुळ्याची भाजी!”