न खरवडलेला शेंदूर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांसाठी सांगतो आहे खरा, पण थोरांनी जरा सावरून बसावं, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

त्या राज्यात घाटाच्या पायथ्याशी तुळाजी नावाचा एक गाडीवान राहत होता. समुद्रकाठचं मीठ गाडीत भरायचं, घाट चढून वरच्या बाजारात पोचवायचं आणि रिकामी गाडी घेऊन उतरायचं, हा त्याचा धंदा. दोन घोड्या, एक दणकट गाडी आणि सगुणा नावाची बायको, एवढाच त्याचा संसार. मूलबाळ झालं नाही. खाण्यापिण्याची ददात नव्हती, अंगावर धडकं वस्त्र होतं, आणि तरीही माणूस आतून पार विझलेला. पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी अर्ध्या घाटात त्याच्या मनात आलं, की हा घाट आपण जन्मभर चढलो तो कशासाठी? मीठ वर गेलं, लोकांनी खाल्लं, संपलं. आपल्या हाती काय राहिलं? याचं उत्तर त्याला काही सापडेना. तेव्हापासून त्याला जेवण गोड लागेना आणि कुणाशी बोलावंसंही वाटेना.

अशात बातमी आली, की किल्ल्याखालच्या पागेतला हिरवा रथ द्यायला काढला आहे.

हा रथ असा तसा नव्हता बरं. पश्चिमेच्या समुद्रात फार लांब एक धुक्यानं भरलेलं बेट आहे, तिथल्या कारागिरांनी तो निव्वळ शर्यतीसाठी घडवला होता. एका घोड्याचा, दोन माणसांपुरता, बुटका, लांब नाकाचा. ओझं वाहायला म्हणाल तर काडीचा उपयोग नाही. एका हौशी सरदारानं तो गलबतातून आणवला आणि नदीकाठच्या माळावर पळवला. तेव्हा तुळाजी अठरा वर्षांचा होता. रथ समोरून गेला, तोंडात धूळ गेली, आणि ती थुंकायचंही त्याला भान राहिलं नाही. पुढं सरदार वारला, त्याची मुलं परमुलखात निघून गेली, आणि रथ पागेत उभा राहिला तो राहिलाच. बत्तीस वर्षं.

त्या पागेची राखण हैबती नावाचा म्हातारा करायचा. मोठा इमानी माणूस. दर दसऱ्याला तो रथाची पूजा करायचा. चाकाच्या मधोमध लाकडी तुंबा असतो, ज्यात सगळे आरे रुतलेले असतात, त्या तुंब्यावर तो नारळ फोडायचा, नारळाचं पाणी तिथंच ओतायचा आणि वरून तेलात कालवलेला शेंदूर थापायचा. मग झेंडूची माळ. बत्तीस दसरे त्यानं एकही चुकवला नाही. पण त्या बत्तीस वर्षांत रथ हातभरसुद्धा हलवला नाही. धन्याची वस्तू धन्याशिवाय कशी हलवायची, असं त्याला वाटायचं. आता पागा मोडणार होती, हैबतीला लेकीच्या गावी जायचं होतं, आणि धन्याच्या मुलांचा निरोप आला होता की त्या जुन्या रथाचं तुझं तू काय ते कर.

तुळाजीनं दुपारी जेवताना विषय काढला.

"मी म्हणतो, तो रथ घ्यावा."

"घेऊन काय करायचं?" सगुणेनं विचारलं.

"चैत्रात राजाची शर्यत असते. जिंकेल त्याला वर्षभर डाकेचं काम. मीठ सुटेल आपलं."

"आणि नाही जिंकलात तर?"

तुळाजीनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "तर निदान एकदा पळवला असं तरी होईल. सगुणा, मी मरेन तेव्हा माझ्यापाशी सांगण्यासारखं काहीतरी असू दे."

नवऱ्याच्या तोंडून कितीतरी महिन्यांनी एवढं लांब वाक्य निघालं होतं. सगुणेनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"हैबतीमामा काय मागतात?"

"गाडी आणि थोरली घोडी. त्याला सामान न्यायचंय, आणि पुढं गावी पोटालाही लागेलच."

"म्हणजे मीठ धाकटीच्या पाठीवर न्यायचं." तिनं हिशेब मनातल्या मनात केला आणि सुस्कारा टाकला. "बरं. पण आधी म्हादबाभावजींना दाखवा. ते हो म्हणाले तर माझं काही म्हणणं नाही."

म्हादबा सुतार म्हणजे तुळाजीचा लहानपणापासूनचा मित्र. घाटाखालच्या साऱ्या गाड्यांची चाकं त्याच्या हातची. आणि त्या राज्यात रिवाजच होता, की जुनी गाडी घेताना सुतारानं ती ठोकून पाहायची आणि मग तुंब्यावरचा थर बोटभर खरवडून आतलं लाकूड बघायचं. पूजेचा शेंदूर असेल तर तो मात्र सुतारानं खरवडायचा नाही. घेणाऱ्यानं स्वतः हात जोडून, क्षमा मागून, स्वतःच्या हातानं खरवडायचा. म्हणजे पुढं कुणाला दोष द्यायला नको.

दोघं पागेत गेले. हैबतीनं वरची चादर ओढली. रंग अजून तसाच होता. म्हादबा वाकला आणि लाकडी हातोडीनं एकेक भाग ठोकत चालला. चाकाची कड खणखणीत. आरे खणखणीत. मग त्यानं तुंब्यावर हातोडी मारली, कान जवळ नेला, पुन्हा मारली.

"आवाज बसका येतोय," तो म्हणाला.

"शेंदूर केवढा जाड आहे बघ की. दुसरं काय होणार?"

"असेल. म्हणूनच म्हणतो, खरवड." आणि त्यानं सुरी तुळाजीच्या हातात दिली.

तुळाजीनं हात जोडले, क्षमा मागितली, सुरीचं टोक शेंदराला लावलं. आणि त्याचा हात तिथंच थांबला. आत जर लाकूड कुजून गेलेलं असेल, तर उद्या घाट. परवा घाट. मरेपर्यंत घाट. न खरवडता उभा होता तोवर हा रथ त्याच्या डोळ्यांसमोर पळत होता, आणि तेवढं एकच त्याच्यापाशी होतं. ते आपल्याच हातानं मारायचं त्याच्या जिवावर आलं.

त्यानं सुरी खाली ठेवली. "नको. बत्तीस वर्षांची पूजा आहे. माझ्या हातून नको."

"अहो, खरवडा की," हैबती म्हणाला. "मी परत लावतो. माझी काही हरकत नाही."

"नको म्हटलं ना."

म्हादबा उठून उभा राहिला. "तुळ्या, तुला देवाची भीती वाटत नाहीये. तुला लाकडाची वाटतेय."

खरं बोललेलं झोंबतं, तसं ते तुळाजीला झोंबलं. तो म्हणाला, "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. जन्म गेला तुझा लोकांची चाकं ठोकण्यात, आणि मी पण तसंच मरावं असं तुला वाटतं."

म्हादबानं सुरी उचलली. हातोडी पिशवीत टाकली आणि तो आपल्या घरी गेला.

घरी सगुणेनं विचारलं, "काय म्हणाले भावजी?"

"ठोकून पाहिलं त्यानं. म्हणाला, चाकं खणखणीत आहेत."

अर्धं खरं सांगितलं की उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आणि थोरली घोडी हैबतीच्या हवाली झाली. जाताना घोडीनं दोनदा मान वळवून पाहिलं, ते तुळाजीनं न पाहिल्यासारखं केलं. धाकटीला जुंपून रथ घरी आणला, तोही पायी पायी, तिचा लगाम धरून. हैबती म्हणत होता, "बसा की आत, आता तुमचाच आहे." तुळाजी म्हणाला, "घोडीला सवय नाही अजून." तेव्हाच कुणी नीट बघितलं असतं तर ओळखलं असतं. पण बघायला म्हादबा तिथं नव्हता.

चैत्र आला. तुळाजी म्हणाला, घोडीचा दम अजून वाढायला हवा. पुढच्या चैत्रात म्हणाला, माळ यंदा फार खडबडीत आहे. त्याच्या पुढच्या चैत्रात त्याचा खांदा दुखत होता. गावातली माणसं चेष्टा करायची, "काय तुळाजीराव, मुहूर्त सापडला का रथाला?" तो हसल्यासारखं करायचा आणि घरी येऊन रथासमोर बसायचा. त्यानं रथावर छान छप्पर घातलं. दसऱ्याला तोही तुंब्यावर नारळ फोडायचा, पाणी तिथंच ओतायचा आणि आणखी एक शेंदराचा थर थापायचा. हात लावायला मात्र सगुणेलाही देत नसे.

आणि मीठ? मीठ वर जातच होतं. बरंचसं धाकटीच्या पाठीवर, उरलेलं सगुणेच्या डोक्यावर, आणि तुळाजी घरी रथापाशी. गाडी होती तेव्हा एका फेरीत जे व्हायचं त्याला आता पाच फेऱ्या लागत. तिनं कधी तक्रार केली नाही. नवरा एकदा तरी पळवणार आहे, या भरवशावर ती चढत राहिली.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता घाटात धाकटीचा पाय घसरला. ती पोत्यांसकट खाली गेली आणि पुन्हा उठली नाही. सगुणा एकटी चालत घरी आली. अंगणात तुळाजी बसला होता.

"धाकटी गेली," ती म्हणाली. "आता रथाला घोडीच नाही."

तुळाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. घोडी त्यानं शिंगरू असल्यापासून वाढवली होती. पण त्या रडण्याच्या आत कुठंतरी त्याला हायसं वाटलं. आता कुणी विचारणार नाही. आता रथ का पळवत नाहीस, असं कुणीही विचारणार नाही. ते हायसं वाटलेलं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं, आणि सगुणेनं ते पाहिलं.

ती घरात गेली, विळा घेऊन आली आणि रथापाशी बसली. तुळाजी उठला नाही की त्यानं तिला अडवलं नाही. तिनं हात जोडले, क्षमा मागितली आणि तुंबा खरवडायला लागली. शेंदराच्या खपल्या पडत राहिल्या. खाली लाकूड काळंठिक्कर, दर दसऱ्याला मुरलेल्या नारळाच्या पाण्यानं ओलं. तिनं विळ्याचं टोक दाबलं, तर ते जोर न लावता आत शिरलं. बाहेर काढलं तेव्हा त्याच्याबरोबर नुसता भुसा आला.

"तुम्हाला ठाऊक होतं," सगुणा म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"म्हादबानं सुरी हातात दिली तेव्हापासून."

सगुणेनं विळा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला कुणी फसवलं असतं ना, तर मी तुमच्याजवळ बसून रडले असते. दोघांनी मिळून पुन्हा मीठ वाहिलं असतं. पण तुम्ही जाणूनबुजून मला घाट चढायला लावलात. त्या मुक्या जनावरालाही लावलात." एवढं बोलून तिनं दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि ती समुद्रकाठी भावाकडं निघून गेली.

तुळाजी म्हादबाच्या दारात जाऊन उभा राहिला. तीन वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. म्हादबानं हातातलं काम ठेवलं. पिशवी घेतली आणि त्याच्याबरोबर आला. रथ ठोकला, दोन्ही चाकं जोडणाऱ्या कण्याखाली हात घालून पाहिला, आरे हलवून पाहिले. एक आरा त्याच्या हातातच आला.

"दुरुस्त होईल का?" तुळाजीनं विचारलं.

"आता नाही. कण्यापर्यंत गेलंय सगळं." म्हादबा जमिनीकडं बघत होता. "त्या दिवशी खरवडलं असतंस तर नुसते तुंबे बदलायचे होते रे. आरे चांगले होते, कणा चांगला होता. बाभळीचे नवे तुंबे आठ दिवसांत बसवून दिले असते मी. त्याच चैत्रात पळाला असता तुझा रथ."

तुळाजीनं म्हादबाच्या हातातला आरा घेतला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की खरवडलं असतं तर स्वप्न मेलं असतं. ते तर त्याच दिवशी वाचणार होतं.

त्यानंतर तो पुष्कळ जगला. पाठीवर एक पोतं घेऊन तो रोज घाट चढायचा, एकटाच. वाटेत लोक राम राम करायचे, तर मान हलवायचा. सगुणा परत आली नाही. रथाचं लाकूड सरपणाला काढलं, तर ते चुलीतही धड पेटेना, घरभर नुसता धूर झाला.

तर थोरांनो, हे तुमच्यासाठी: जे तपासून पाहायची भीती वाटते, त्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं, आणि त्या उत्तराकडं पाठ फिरवणारा माणूस ते सुधारायची वेळही गमावून बसतो.